पुन्हा बसणाऱ्या

"बाई, तुम्ही आमच्याशी हळू बोलता," धाकटी म्हणाली.

तक्रार केल्यासारखं नाही. खडू संपलाय किंवा खिडकी नीट लागत नाहीये हे सांगावं, तितक्याच सुरात. मी फळ्यावर सलाईनच्या थेंबांचं गणित मांडत होते. हात तसाच राहिला. मागे वळून म्हटलं, "ऐकू येत नाही का मागे?" तर म्हणते, "ऐकू येतं ना. आवाज बारीक नाही. हळू. म्हणजे दुसऱ्या वर्गांत तुम्ही बोलता तसं नाही. आमच्याशी तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांशी बोलल्यासारखं बोलता." काकी खाली बघून हसली. मुकीनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मी म्हटलं, "बरं. पुढचं उतरवून घ्या," आणि फळ्याकडे वळले, आणि वळल्यावर मला कळलं की मला सणकून राग आला आहे. इतका, की पुढची ओळ लिहिताना खडू मोडला, आणि मोडलेला तुकडा बुटाखाली आला तो मी टाच फिरवून फिरवून चिरडला. पाठ मुलींकडे होती. तरी त्यांनी पाहिलं असणार. मुली पाठीवरूनही माणूस वाचतात.

या तिघी पुन्हा बसणाऱ्या. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्रात नापास झालेल्या, म्हणून तेच वर्ष, तोच विषय, तीच जाडी पुस्तकं पुन्हा. कॉलेजनं यंदा ठरवलं की अशा मुलींना एक वेगळा आधारवर्ग असावा, आणि तो मी घ्यावा. आधारवर्गाला खोली दिली ती इस्पितळाच्या मागच्या इमारतीतली, जिथे पूर्वी मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचे. कोपऱ्यात बेसिन आहे, त्याच्या पोटात प्लास्टरचा पांढरा थर दगडासारखा बसलाय, पाणी सोडलं की ते कुठे जायचं याचा विचार करत उभं राहतं. छताला पाय ताणून धरायची लोखंडी कडी आहे. फळा आहे, पण तो भिंतीला टेकवून ठेवलाय, जोरात लिहिलं की खाली घसरतो. अशा खोलीत काकी, मुकी आणि धाकटी. नावं त्यांना अर्थात आहेत, पण अख्ख्या कॉलेजात ती कुणी वापरत नाही. काकी लग्न झालेली, बाकीच्यांपेक्षा वयानं बरीच मोठी, उशिरानं शिकायला आलेली. परीक्षेच्या सुमारास तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि घरीच तिचा वॉर्ड सुरू झाला. मुकी बोलत नाही म्हणून मुकी. तोंडी परीक्षेत समोर बसून राहिली आणि उठून आली. आणि धाकटी ही जुळ्यातली धाकटी. थोरली पास झाली. आता थोरलीच्या बाहीवर तिसऱ्या वर्षाची पट्टी आहे आणि धाकटीच्या बाहीवर जुनीच. दोघींचा चेहरा इतका एक की वॉर्डातले पेशंट आधी बाही बघतात आणि मग हाक मारतात.

बसथांब्यावर उभी होते तोवर राग धाकटीवर होता. समजते काय स्वतःला. मी यांच्यासाठी माझा जेवणाचा तास देते, नळाशेजारच्या त्या ओलसर खोलीत उभी राहते, आणि ही मला माझा आवाज शिकवणार. बसमध्ये जागा मिळाली, टेकले, आणि राग सरळ माझ्यावरच आला. कारण ती खरं बोलली होती. मला माझा तो आवाज ऐकू यायला लागला. शब्द ताणलेले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं ना? हं?" असं गोंजारणं, आणि चुकलं तरी "असू दे, असू दे, पुन्हा करू." दुसऱ्या वर्गात चुकलं तर मी पुस्तक आपटते. तिथल्या मुली मला घाबरतात, माझ्या नकला करतात, माझ्यावर चिडतात. या तिघींना मी तेवढंसुद्धा दिलं नव्हतं. आणि हा आवाज मी कुठून आणला तेही मला माहीत होतं. तो आमच्या घरातला होता. नापास झालेल्या माणसाशी बोलायचा आवाज.

माझा भाऊ शाळेच्या शेवटच्या वर्षी नापास झाला. त्या दिवसापर्यंत आमचं घर म्हणजे नुसती बोंबाबोंब होती. बाबा आतल्या खोलीतून ओरडत, आई भांडी आपटून उत्तर देई, आणि भाऊ आणि मी एका कंगव्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत असू. निकालाच्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला होता, गुडघे छातीशी घेऊन, मान ताठ. मार खायच्या तयारीनं बसलेला माणूस बसतो तसा. बाबा आले. बूट काढले. मी पडद्यामागे श्वास धरून उभी. बाबा त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे रे. जेव तू." बस्स. त्या क्षणापासून घराचा आवाज गेला. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्याशी भांडायचं नाही आता. त्याचा ओला टॉवेल पलंगावर पडलेला असे, आई तो उचलून वाळत घाली, चकार शब्द नाही. तो उशिरा उठला तरी चालायचं. तू परत बसणार का, हे त्याला कुणी विचारलं नाही. बाबांनी ओळखीतल्या एका तसबिरींच्या फ्रेमच्या दुकानात त्याला चिकटवून दिलं, आणि दुसऱ्यांच्या लग्नांना, दुसऱ्यांच्या पदव्यांना चौकटी करण्यात त्याची उमर गेली. आईबाबा गेले. तो माझ्याकडेच राहतो. लग्न केलं नाही. अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येतो. जिन्यात कुणी समोरून आलं की भिंतीला चिकटून उभा राहतो, अगदी लहान पोर आलं तरी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसून मला विचारतो, "ताई, अजून थोडं घेऊ का?" आणि दर वेळी मला ओरडावंसं वाटतं. घे ना, अरे घे, हिसकावून घे! पण तोंडातून येतं ते, "घे ना, घे." हळू.

त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी बोलावलं. प्राचार्यांना आमच्याकडे सगळे मोठ्या मॅडमच म्हणतात. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्यांच्या खोलीत खिडकीशी कुंड्या आहेत आणि ओल्या कापसानं पानं पुसत पुसत त्या बोलतात, म्हणजे समोरच्याला वाटावं की हे बोलणं काही फारसं महत्त्वाचं नाही. "बसा ना. आधारवर्गाचा फार बोजा टाकला मी तुमच्यावर. कसं काय चाललंय?" मी म्हटलं, चाललंय. त्यांनी एक पान उलटं करून खालून पुसलं. "मी काय म्हणते, त्यांना जरा समजावून सांगाल का? यंदा फॉर्म भरू नका म्हणावं. तयारी झाली की निवांत बसा. घाई कसली?" मी म्हटलं, "पण यंदा बसल्या नाहीत तर त्यांची एक संधी वाया जाते." "वाया कशी? मानसिक तयारी नको का व्हायला? आणि तुम्हाला माहीतच आहे, यंदा तपासणी आहे आपली. टक्केवारी बघतात ते. या तिघी बसल्या की बाकीच्या पोरींच्या मेहनतीवर पाणी. मी त्यांच्याच भल्यासाठी सांगतेय. तुमचं ऐकतील त्या. तुमचा स्वभाव मायाळू." मायाळू! माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. समोरच्या पानावरचं पाणी टपकन टेबलावर पडलं, ते त्यांनी बोटानं पुसलं. मी म्हणायला हवं होतं ते सगळं माझ्या दातांमागे रांगेत उभं होतं, आणि मी म्हटलं, "बघते." जिन्यावरून उतरताना पायरीगणिक मी स्वतःला तो शब्द ऐकवत होते. बघते. बघते. काय बघणार आहेस तू?

प्लास्टरच्या खोलीत तिघी बसल्या होत्या. मी पुस्तक न उघडता सगळं सांगून टाकलं. मोठ्या मॅडम काय म्हणाल्या, कसं म्हणाल्या, तपासणी, टक्केवारी, मानसिक तयारी, सगळं. माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे भरभर आणि मोठ्यानं, बाहेरून जाणारा वॉर्डबॉय डोकावून गेला इतक्या मोठ्यानं. धाकटीचे कान लाल झाले होते. "मग आधार कशाचा?" ती म्हणाली. काकी म्हणाली, "अगं, दाराला दगड लावतात ना, तसला आधार. दार बंदच राहावं म्हणून." आणि स्वतःच खो खो हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले ते पदरानं न पुसता तळहातानं खसकन पुसले. मी विचारलं, "आता बोला. बसणार का नाही?" आणि मुकी, जिचा आवाज मी वर्षभरात 'हजर' याखेरीज ऐकला नव्हता, म्हणाली, "मी बसणार." इतकंच. टोपण लावलं तिनं पेनाला, टक्.

त्यानंतर मी त्या खोलीत ओरडले. रोज. चुकलं की फळा हादरेल इतकी ओरडले, आणि बरोबर आलं की त्याहून जोरात. "पोटॅशियम सरळ शिरेत टोचलं तर काय होईल?" "हृदय थांबेल." "कुणाचं?" "पेशंटचं," धाकटी म्हणे. "आणि मग तुमचं," काकी म्हणे. "म्हणून काय करायचं?" "पातळ करून, सलाईनमधून, सावकाश!" तिघी एका सुरात, मुकीसुद्धा. हृदयाची गोळी द्यायच्या आधी नाडी बघायची हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा वदवून घेतलं की काकी एक दिवस म्हणाली, "बाई, काल नवरा डोकेदुखीची गोळी मागायला आला तर मी आधी त्याचा हात धरला. बिचारा लाजला." आम्ही हसलो. त्या खोलीत, त्या लोखंडी कडीखाली. चिडलेली माणसं हसतात तसं, जरा जास्तच. आणि माझ्या लक्षात यायला लागलं की यांना येतं. सगळं येतं. मग हे नापास कसं झालं?

काकीचं उघड होतं, अभ्यासाला वेळच नव्हता. मुकी लेखीत बरी होती, तोंडीत बुडाली होती. तिच्याकडून मी एक एक वाक्य ओढून काढत होते, रुतलेली गाडी ढकलावी तसं. धाकटीचं कोडं होतं. विचारलं की धडाधड सांगायची, आणि त्याच प्रश्नाचं उत्तर लिहायला दिलं की कागदावर भलतंच. एकदा मी तिचा पेपर तिच्यासमोर टाकला. "हे काय लिहिलंयस? सकाळी तोंडानं सांगितलंस ते काय होतं मग?" तीही उठून उभी राहिली. "मला वाचता येत नाही असं नाहीये!" "मी असं म्हटलं का?" "सगळे तेच समजतात! वाचता येतं मला. वाचलेलं आत जात नाही!" आणि मग, उभ्यानंच, अजून रागातच, तिनं सांगितलं. लहानपणापासून दोघी बहिणींचा अभ्यास असाच. थोरली पलंगावर बसून मोठ्यानं वाचायची आणि ही खाली फरशीवर पालथी पडून ऐकायची. थोरलीला वाचून पाठ व्हायचं, हिला ऐकून. हिचं तर थोरलीपेक्षा आधी व्हायचं. पुस्तक कुणाच्या हातात आहे हे कधी कुणी बघितलं नाही. शाळेतले पेपर सोपे होते, निभावलं. इथे पेपर आला तो लांबलचक प्रश्नांचा, पेशंटची अख्खी हकिगत आणि तिच्या पोटात दडलेला प्रश्न. "कागद बोलत नाही ना, बाई. मी ओठ हलवून वाचलं की बोलतो. पुटपुटलं की मला ऐकू येतं, मग कळतं. पण पर्यवेक्षक आल्या आणि बाकावर ठोकलं. ओठ बंद, म्हणाल्या. कुणाला सांगतेयस? पुन्हा वाचायला लागले, पुन्हा ठोकलं. मग पुढे नुसती अक्षरं." "थोरली आता वाचून दाखवते का?" "नाही. म्हणते, तू आराम कर. वॉर्डात माझ्या हातातला ट्रे काढून घेते. म्हणते, राहू दे, मी करते." ते 'राहू दे' तिनं अगदी थोरलीच्या आवाजात म्हटलं, आणि मला त्यात आमच्या घरातलं 'असू दे' ऐकू आलं.

मी मोठ्या मॅडमकडे गेले. म्हटलं, एका मुलीला परीक्षेत कोपऱ्यातलं बाक द्या, जरा लांब, पुटपुटली तर पुटपुटू दे. त्यांना खरोखर हसू आलं. "अहो, उद्या सगळ्याच ओठ हलवतील. परीक्षागृह आहे का पारायण?" मग कापूस खाली ठेवला. "म्हणजे बसतायत त्या? मला वाटलं तुम्ही समजावलंत." "समजावलं," मी म्हटलं, "म्हणूनच बसतायत." त्या माझ्याकडे नीट बघायला लागल्या, पान पुसायचं सोडून. बाक मिळालं नाही.

मग मी धाकटीला ओठ मिटून वाचायला शिकवत बसले. जीभ टाळूला लावून, आतल्या आत. आवाज घशात ठेवून. ती करायची, घाम फुटायचा तिला, आणि जमायचं, कधी जमायचं, कधी मध्येच दिवा गेल्यासारखं सगळं जायचं. परीक्षेच्या दिवशी मी शेजारच्या इमारतीत पहिल्या वर्षाला पलंगाची चादर घालायला शिकवत होते, कोपरे कसे दुमडायचे ते, आणि कोपरा इतक्या जोरात ओढला की गादी सरकली. मुली खुसखुसल्या. मी म्हटलं, "हसा. हसून घ्या."

मुकी पास झाली, चांगल्या गुणांनी. तोंडी परीक्षेत तिनं म्हणे परीक्षकांना एकदाच विचारलं, "प्रश्न पुन्हा सांगता का?" आणि मग थांबलीच नाही. काकी काठावर पास झाली आणि निकालाच्या फळ्यासमोरच मटकन खाली बसली. धाकटी नापास. थोड्याच गुणांनी, पण नापासला थोडं आणि फार असं काही नसतं. मी तिला शोधत गेले तर धुण्याच्या विभागाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलेली, शेजारी मळक्या चादरींचा ढीग. रडत नव्हती. "पुन्हा ठोकलं, बाई," ती म्हणाली. "एकदाच. पण त्या कधी ठोकतील याचीच वाट बघत बसले मी." मग मान वर करून म्हणाली, "आता काय?" माझ्या घशात तोच आवाज चढत होता, असू दे गं, असू दे. मी तो गिळला. पण त्याच्या जागी दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी काहीच न बोलता वळले आणि तरातरा मोठ्या मॅडमच्या खोलीत घुसले. दार वाजवलं नाही.

नियम असा होता की प्राचार्यांनी शिफारस केली तर आणखी एकदा बसता येतं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "कशाला तिचे हाल करायचे? मुलगी गोड आहे, पण हा पेशा तिचा नाही. मी बोलून ठेवते, खाली नोंदणीच्या खिडकीवर बसेल. हसतमुख आहे. तिथे तिला कुणी काही बोलणार नाही." मी म्हटलं, "फ्रेमच्या दुकानात का नाही पाठवत?" "कसलं दुकान?" त्या खरंच गोंधळल्या. मग मी काय काय बोलले. त्यांच्या कुंड्यांना बोलले, त्यांच्या कापसाला बोलले. म्हटलं, तुम्ही माणसाला मारत नाही, त्याच्या डोक्यावर हात ठेवता आणि खाली दाबता. म्हटलं, ठोकणारी ती बाई बाकावर नाही ठोकत, मुलीच्या डोक्यात ठोकते. म्हटलं, तिला शिफारस नसेल तर पहिल्या वर्षाचा वर्ग मी घेणार नाही, घ्या तुम्ही. कारकून दारात येऊन उभा राहिला. मोठ्या मॅडम ऐकत होत्या, हात मांडीवर. माझा श्वास संपल्यावर त्यांनी विचारलं, अगदी शांतपणे, आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच खरं कुतूहल वाटून, "तुम्हाला नक्की कुणाचा राग येतोय?" मी बाहेर आले.

संध्याकाळी घरी भाऊ माझ्या आधी आलेला होता. त्यानं पानं घेतली होती. मी जेवायला बसले आणि सगळं सांगितलं, घास हातात तसाच, हात हवेत. तो ऐकत होता. मग म्हणाला, "त्या मुलीला विचारलंस का?" "काय?" "तिला काय करायचंय ते." "त्यात विचारायचं काय? तिला परत बसायचंय!" "तिनं सांगितलं?" मी भडकले. म्हटलं, "तू नको शिकवूस मला! तू तरी कधी भांडलास का? एकदा तरी? बाबांनी दुकानात नेऊन बसवलं आणि तू बसलास. एकदा नाही म्हणायचं होतंस! मी तुझ्या जागी असते तर..." भावानं पाण्याचा पेला खाली ठेवला. आपटला नाही, पण हळूही ठेवला नाही.

"तू माझ्या जागीच आहेस, ताई," तो म्हणाला. "मला राग आला होता त्या दिवशी. मी वाट बघत बसलो होतो. बाबा येतील, मारतील, मग मी ओरडेन, म्हणेन की मला परत बसायचंय. सगळी वाक्यं तयार होती माझी. ते आले आणि म्हणाले, जेव. आता जेव म्हणणाऱ्या माणसावर कसं ओरडायचं? सांग ना. ती वाक्यं तशीच राहिली. आणि मग तू सुरू केलंस. माझ्या वतीनं चिडायचं. आईवर, बाबांवर, दुकानाच्या मालकावर, शेजाऱ्यांवर, आज तुझ्या मॅडमवर. इतकी चिडतेस तू माझ्यासाठी की मला काही शिल्लकच राहत नाही. नापास मी झालो होतो. राग तरी माझा मला ठेवायचा होता." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या वर्षांत तो माझ्याशी इतकं सलग बोललाच नव्हता. मी म्हटलं, "अरे, तसं नाही..." "तसंच आहे!" तो ओरडला. आमच्या घरात तो ओरडला. शेजारच्यांचा रेडिओ एकदम बारीक झाला. तो उठला, ताट तसंच, आणि त्याच्या खोलीचं दार त्यानं इतक्या जोरात लावलं की भिंतीवरची आईबाबांची तसबीर, त्यानंच चौकट केलेली, तिरकी झाली.

मी ताटावरच बसून राहिले. दाराशी जावं, समजूत काढावी, असं हात म्हणत होते, पाय म्हणत होते. गेले नाही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी छातीत काहीतरी मोकळं होत होतं, वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं दुसऱ्याचं सामान मालकानं येऊन हिसकावून न्यावं, तसं. हात मोकळे झाले होते आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. शेवटी त्याचं ताट झाकून ठेवलं. मग वाटलं, हेही कशाला, आणि झाकण काढलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी वॉर्डात थर्मामीटर पुसत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "तुला काय करायचंय?" तिनं वर बघितलं. "परत बसायचंय. पण असं नाही. बाक पाहिजे मला वेगळं. बाक देणार नसतील तर नाही बसायचं." "मग जाऊन सांग त्यांना." "मी?" "मी येणार नाही आत." ती घाबरली. मग चिडली. "काल तर तुम्हीच गेला होतात, सगळ्या इमारतीला ऐकू गेलं." "हो. काल गेले." तिनं थर्मामीटर खोक्यात ठेवले, एक एक करून, आणि म्हणाली, "बाहेर तरी बसाल का?"

मोठ्या मॅडमच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं आहे. मी त्यावर बसले. दार लागलं. आधी काहीच ऐकू येईना. मग मोठ्या मॅडमचा आवाज, मऊ, लांबट, शब्द न कळता नुसता पसरणारा. मग धाकटीचा, अडखळत. मग पुन्हा तो मऊ आवाज. आत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर काम झालं असतं, असं वाटत होतं, किंवा कायमचं बिघडलं असतं. मी बाकड्याची कड धरून ठेवली. कारकून फायली घेऊन आला, माझ्याकडे बघून दाराशी थबकला. मी म्हटलं, "थांबा. आत बोलणं चाललंय." आणि मग दारापलीकडून धाकटीचा आवाज चढला. "नाही मॅडम, माझं ऐकून घ्या आधी!" कारकुनानं भुवया उचलल्या. "मी खिडकीवर नाही बसणार. मी नर्स होणार आहे. मला पुटपुटून वाचावं लागतं, हा काही गुन्हा नाही. पेशंटच्या गोळ्या देताना मी पुटपुटते, आणि आजवर माझ्या हातून एकही गोळी चुकलेली नाही. चुकली असेल तर दाखवा!" मग मोठ्या मॅडमचं काहीतरी. हिचं काहीतरी, आणखी वर. एक खुर्ची सरकली.

दार उघडलं तेव्हा धाकटीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते आणि डोळे चकाकत होते. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "शिफारस देतायत. बाक पण. मी लेखी मागितलं." "काय म्हणाल्या?" "म्हणाल्या, बाईंनी पढवून पाठवलंय ना? मी म्हटलं, नाही. बाईंना मी बाहेर बसवलंय." ती अजून धापा टाकत होती. "आणि हेही सांगितलं की बाईंचाच वर्ग पाहिजे असं काही नाही. दुसऱ्या कुणी शिकवलं तरी चालेल मला."

मी ताडकन उठले. "दुसऱ्या कुणी म्हणजे कोण? इथे आहे कोण दुसरं?"

"आहेत की. नव्या मॅडम आल्यात. छान शिकवतात म्हणे."

"त्या तुला थेंबांच्या गणितात झोपवतील! सोमवारी गपचूप माझ्याकडे ये."

"विचार करून सांगते," धाकटी म्हणाली, आणि बाहीची पट्टी सारखी करत जिन्याकडे निघाली. थांबली नाही, वळली नाही, आभारही मानले नाहीत. कारकून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, बाईंचा अपमान झाला. झालाच होता. मी ओरडले, "धावू नकोस जिन्यात!" तर खालून तिचा आवाज आला, माझ्यापेक्षा मोठा, "धावत नाहीये!" आणि पावलं धडधडत खाली गेली.